नळीच्या बाकड्यावर

लाखवातीचा संकल्प केला की एक गोष्ट कळते. वळताना दिसते ती एकच वात, तळहातावरची. ती डब्यात टाकायची, विसरायची आणि दुसरी घ्यायची. मग एक दिवस डब्याचं झाकणच लागत नाही! किश्शांचंही तसंच होतं बघा. आमच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात मी दीड वर्ष वाती वळत बसले, आणि वातींबरोबर किस्सेही साठत गेले. वाती देवाच्या. किस्से तुम्हाला सांगते.

दवाखाना कोल्हापुरातलाच, बायकांचा. व्हरांड्यात तीन बाकडी. पंख्याखालचं दिवस गेलेल्यांचं. खिडकीपाशी बाळंतिणींच्या आया-सासवा. आणि तिसरं, वजनकाट्याला लागून, ते आमचं. आमच्या सगळ्यांच्या गर्भनळ्यांत काही ना काही अडलेलं. कुणाची नळी बंद, कुणाची चिकटलेली, कुणाची मागं ऑपरेशनात बांधलेली. रेखा सिस्टर दारातूनच हाक मारायच्या, "नळीवाल्या, चला आत!" पहिल्या दिवशी मी लाजेनं पदर तोंडावर घेतला. महिन्याभरात मीच नव्या बायकांना जागा दाखवायला लागले, "नळीचं ना? मग इकडं बसा!"

बाकड्यावर कायमच्या आम्ही तिघी. मी सुमन, गडमुडशिंगीची. लहानपणी माझं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा पोटात काय काय चिकटलं ते लग्नाला आठ वर्षं झाल्यावर कळलं. दुसऱ्या मुरगूडच्या छायाक्का. पहिले मालक वारले तेव्हा पदरात दोन पोरं, आणि नळ्या बांधायचं ऑपरेशन झालेलं. पुढं दुसरं लग्न झालं. छायाक्का म्हणायच्या, "माझी दोन त्यानं पदरात घेतली, एक मी त्याच्या पदरात घालणार. फिट्टंफाट!" तिसऱ्या विशाखाबाई, नेसरीकडच्या एका शाळेत शिक्षिका. त्या पहिल्या एसटीनं यायच्या आणि वही घेऊन बसायच्या.

* * *

दवाखान्यात शिरलं की पहिलं काम वजन. रेखा सिस्टरचा आवाज खणखणीत. काट्यावर बाई उभी राहिली की आकडा आत केबिनमध्ये मॅडमना ऐकू गेला पाहिजे, ही तिथली पद्धत. "सुमन, अडुसष्ट!" असं पुकारलं की व्हरांड्यातले पुरुषसुद्धा मान वर करून बघायचे.

एकदा छायाक्का उभ्या राहिल्या. "छायाक्का, ब्याऐंशी!"

"अगं रेखा, हळू की! माझ्या मालकाला अजून पंच्याहत्तरच म्हाईत हाय!"

आतून मॅडमच बाहेर आल्या. "छायाक्का, पाच किलो कमी करा. भूल देताना त्रास होतो. मगच तारीख देईन."

"करतो की. पर तुमचं किती ओ मॅडम?"

मॅडम तशा अंगानं भरलेल्या. आजवर त्यांना त्या काट्यावर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं वजन मला आणि देवाला माहीत."

"मग सुमनला सांगतो इचारायला! तिचं देवाकडं रोजचं येणंजाणं हाय!"

* * *

छायाक्कांचे मालक, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, उसाला ठिबक बसवून देतात. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं, की ही नळी इथं बांधली होती, बांधलेला तुकडा काढायचा आणि दोन टोकं शिवून परत जोडायची. दाजी पुढं सरकून चित्र बघत होते. एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"कळ्ळं! ठिबकची लॅटरल नळी जोडायची! मॅडम, जोडल्यावर गळती तपासता न्हवं?"

"तपासतो. निळं पाणी सोडतो आणि पलीकडून येतंय का बघतो."

"प्रेशर जास्त सोडू नगासा. जॉइंट सुटतोय."

"नाही सोडणार."

"आणि वॉरंटी?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दाजी, वॉरंटी नाही. जोडलेली नळी परत बंद पडू शकते. उघडी राहिली तरी दिवस जातीलच असं नाही. आणि गेले तर कधी कधी गर्भ पिशवीपर्यंत पोचतच नाही, नळीतच अडकतो. ते फार धोक्याचं असतं, बाईच्या जिवावर बेतू शकतं. हे सगळं ऐकून मग हो म्हणा."

दाजींनी चित्राचा कागद परत हातात घेतला. मग छायाक्कांकडं बघून म्हणाले, "एवढं खरं बोलणारा डीलर मला जन्मात भेटला न्हाय. करूया!"

* * *

विशाखाबाईंच्या वहीत एकवीस प्रश्न होते. नंबर घालून, समास सोडून. आतड्याला इजा होऊ शकते का? दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडणार का? आत परत चिकटेल का? मॅडम एकेकाचं उत्तर द्यायच्या आणि बाई लिहून घ्यायच्या. सतरावा प्रश्न होता, "गर्भ नळीत अडकला तर मला कसं कळेल?" मॅडम म्हणाल्या, "पोटात एका बाजूला दुखेल, थोडं रक्त जाईल, चक्कर येईल. आणि आत रक्त साठलं तर खांदा दुखतो. खांदा दुखला तर मालिश करत बसू नका, धावत या." बाईंनी 'खांदा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

मी एकदा त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही नवस काय बोललाय?"

"आम्ही बौद्ध. आमच्यात नवस नाही, सुमनताई. मी प्रश्न विचारते."

"मग तेही व्रतच की. एकवीस प्रश्नांचं!"

बाई हसल्या. "बरं, तसं म्हणा. पण माझ्या व्रतात उपवास नाही, डबा आणलाय. तुमचा सोमवार आहे म्हणून केळीपण आणलीत."

ऑपरेशनच्या दिवशी भूल देताना डॉक्टर त्यांना म्हणाले, "आकडे मोजा बघू, एकपासून." बाईंचे डोळे जड झाले होते, पण बारा वर्षांची सवय कुठं जाते! त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी माझ्या मागून म्हणायचं. एक!"

रेखा सिस्टर सांगतात, खोलीतल्या सगळ्यांनी म्हटलं, "एक!" मॅडमनीसुद्धा! चारला बाई झोपल्या, आणि मागं एकटे वॉर्डबॉय तात्या पाच म्हणत राहिले.

* * *

आता माझी फजिती. मला सांगितलं होतं की आदल्या रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मला मनातून हसूच आलं. सोळा सोमवार, संकष्टी, नवरात्र. उपाशी राहणं हे काय मला शिकवायचं?

सकाळी ऑपरेशनचा गाऊन घालून पडले. भुलीचे डॉक्टर आले.

"काही खाल्लंय?"

"नाही."

"पाणी? चहा?"

"छे हो!"

"नक्की?"

"अगदी नक्की. निघताना देवापुढं हात जोडले, पंचामृत घेतलं आणि थेट इथं."

डॉक्टरांच्या हातातली सुई हातातच राहिली. "पंचामृत म्हणजे… दूध, दही?"

"तूप, मध आणि साखर," मी पूर्ण केलं. वाटीभर घेतलं होतं, आत्तींनी स्वतः पाजलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. तो देवाचा प्रसाद. प्रसाद पोटात गेला म्हणून उपास मोडला, असं आमच्या घराण्यात कधी कुणी ऐकलं नव्हतं!

ऑपरेशन रद्द. भुलीत ते दूध उलटून छातीत गेलं असतं तर काय झालं असतं, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा आत्तींनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले. मला वाटलं, आता मॅडम चिडणार. पण त्या आत्तींजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आत्ती, पुढच्या तारखेला पंचामृताची वाटी घरी ठेवायची नाही. ती माझ्या टेबलावर आणून ठेवायची. ही शुद्धीवर आली, पोट सुरू झालं, की मी स्वतः पाजीन."

आत्तींनी चांदीची वाटी आणली. वर जाळीचा रुमाल. ती दिवसभर फ्रिजमध्ये इंजेक्शनांच्या शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी चमचाभर माझ्या तोंडात घातलं, आणि मग इकडं तिकडं बघून उरलेलं स्वतः संपवलं. रेखा सिस्टर दारातून म्हणाल्या, "मॅडम, काट्यावर चला!"

* * *

सहीचा किस्सा मात्र मी फार जणांना सांगत नाही. आज सांगते.

ऑपरेशनआधी मॅडमनी संमतीचा कागद आमच्या ह्यांच्यापुढं ठेवला आणि एकेक धोका वाचून दाखवला. आमचे हे फौंड्रीत कामाला. माणूस मुळात अबोल. नऊ वर्षांत 'भाजी बरी झालीय' हेसुद्धा मी शेजारणीकडून ऐकलं! 'गर्भ नळीत अडकण्याचा धोका' इथं आल्यावर ह्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"मॅडम, म्हणजे हिला काही होऊ शकतं?"

"वेळेत आलात तर वाचवू. उशीर केलात तर होऊ शकतं."

"मग मूल राहू दे. मला ही पाहिजे."

मी खाली मान घालून फरशीचे तुकडे मोजायला लागले. दार अर्धं उघडं होतं. बाहेरून छायाक्कांचा आवाज आला, "अगं बाई, लग्नात उखाणा घेतानापण एवढं बोलला नसंल माणूस!"

शेवटी मीच म्हटलं, "करा सही. उशीर करणार नाही, हा माझा शब्द." ह्यांनी सही केली. तो शब्द पुढं मला फार जड गेला. ते सांगतेच.

* * *

ऑपरेशन झाल्यावर तीन दिवस दवाखान्यात. वाती वळता वळता माझा कापूस संपला. देवाच्या कामात खंड पडणार म्हणून जीव खालीवर व्हायला लागला. रेखा सिस्टरनी कपाटातून दवाखान्याच्या कापसाचा गुंडाळा काढून दिला.

आत्ती दोन पावलं मागं. "ह्यो कुणाकुणाचा हात लागलेला? देवाला चालायचा न्हाय. सोवळ्यातला पायजे."

"आत्ती," रेखा सिस्टर म्हणाल्या, "ह्याला मशिनमध्ये वाफवलाय, वर सील मारलंय, आणि हातमोजे घातल्याशिवाय मीपण शिवत नाही. ह्यापेक्षा कडक सोवळं कोल्हापुरात असंल तर दाखवा!"

आत्तींनी तो गुंडाळा उलटा-सुलटा करून बघितला. मग हळूच म्हणाल्या, "अजून एक दे. सणाला हुईल."

* * *

त्यानंतर काही महिन्यांनी छायाक्कांना दिवस गेले. गर्भ पिशवीतच, बरोबर जागेवर. दाजींनी सगळ्या दवाखान्याला पेढे दिले आणि मॅडमना म्हणाले, "जॉइंट पक्का बसलाय!" छायाक्कांचं बाकडं बदललं. त्या पंख्याखाली गेल्या. पण दहा मिनिटांत उठून आमच्यात परत. "तिकडं समद्या ओकाऱ्यांच्या गप्पा! करमत न्हाय."

विशाखाबाईंचं मात्र तसं झालं नाही. त्या प्रशिक्षणाला कोल्हापुरात आल्या होत्या. पाळी चुकून थोडेच दिवस झालेले, दोनच दिवसांनी तपासणीची वेळ घेतलेली. पोटात डाव्या बाजूला दुखायला लागलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "गॅस असंल, ओवा खावा." मग खांदा दुखला. विशाखाबाई भर वर्गात उभ्या राहिल्या. "मला जायला पाहिजे. प्रश्न क्रमांक सतरा!" कुणालाच काही कळलं नाही. त्या रिक्षात बसल्या, मॅडमना फोन लावला, आणि पोचल्या तेव्हा स्ट्रेचर दारात उभं होतं.

बाई वाचल्या. गर्भ गेला, डावी नळी काढावी लागली. मॅडम म्हणाल्या, "अजून तासभर थांबल्या असत्या तर अवघड होतं."

महिन्यानं त्या बाकड्यावर आल्या. छायाक्कांनी पोटावरचा पदर सारखा केला, जरा लपवल्यासारखा. बाईंनी ते बघितलं. तो पदर स्वतःच्या हातानं बाजूला केला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लपवता काय? लाथ मारतंय का बघू द्या. माझी एक तुकडी बंद पडली, छायाक्का. शाळा सुरू आहे!"

त्या दिवशी आम्ही तिघी हसलो किती आणि रडलो किती, रेखा सिस्टरलाच माहीत.

* * *

आणि मग माझी पाळी चुकली.

मॅडमनी सांगून ठेवलं होतं, चुकली की लगेच यायचं. मी नवऱ्याला शब्दही दिलेला. पण आमच्याकडं तिसरा महिना लागेपर्यंत दिवस गेल्याचा उच्चार करत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. त्यात माझा तेरावा सोमवार चालू होता. वाटलं, तीनच उरलेत, व्रत पुरं करू आणि मगच जाऊ. खरं सांगू का? व्रत हे निमित्त. मला विशाखाबाईंचा खांदा आठवत होता. जोवर कुणी बघत नाही तोवर बाळ जागेवरच आहे, असं मी धरून चालले होते. आठ दिवस गेले.

ओळखलं आत्तींनी. दर महिन्याला चार दिवस मी देव्हाऱ्याला शिवत नाही, तेव्हा पूजा त्या करतात. नवव्या दिवशी सकाळी मी गंध उगाळत होते. आत्ती मागं येऊन उभ्या राहिल्या.

"सुमन, ह्या महिन्यात देवाला फूल मी घातलंच न्हाय."

माझ्या हातातलं खोड थांबलं.

"किती दिस झालं?"

"नऊ."

मला वाटलं, आता म्हणणार, कुणाला बोलू नको. आत्तींनी खुंटीवरची पिशवी घेतली. "चल दवाखान्यात."

"पण आत्ती, तिसऱ्या महिन्यापर्यंत…"

"दृष्ट मी काढीन. नळीतलं मला न्हाय कळायचं, ते मॅडम बघंल. उठ!"

मॅडमनी बघितलं. "आत्ता काहीच दिसत नाही, एवढ्यात दिसायचंही नाही. रक्त तपासू, परत तपासू, आणि आठवड्यानं पुन्हा बघू. तोवर दुखलं, चक्कर आली, तर…"

"खांदा," मी म्हटलं.

तेवढ्यात आत्तींनी तिथंच केबिनमध्ये, अंबाबाईच्या दिशेनं तोंड करून हात जोडले. "आई, पोर जागच्या जागी असू दे. ह्या डॉक्टरणीच्या वजनाएवढा गूळ वाटीन!"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "आत्ती! हे काय बोललात? दुसरं काहीतरी बोला देवाला!"

"बोल्लो ते बोल्लो."

"मी त्या काट्यावर उभी राहणार नाही. नाहीच!"

"ते तुमचं आणि आईचं. मधी मी कोण?"

तो आठवडा कसा गेला विचारू नका. हे रोज कामावरून चार वेळा फोन करायचे आणि एकच शब्द बोलायचे, "खांदा?" मी म्हणायचे, "बरा." फोन बंद!

आठवड्यानं गेलो तर दवाखान्याच्या दारात रिक्षा, आणि रिक्षात दहा-दहा किलोच्या सात ढेपा गूळ, गावच्या गुऱ्हाळावरचा. मॅडमनी कपाळावर हात मारला. "आत्ती, अजून काही कळलेलं नाही! आणि हे नसलं तर?"

"तर परत नीन," आत्ती म्हणाल्या. "वझं मी उचलीन. पर देवानं दिल्यावर मग धावाधाव नगो."

बाकड्यावर आत्ती, हे, सातवा महिना लागलेल्या छायाक्का, आणि किरकोळ रजा टाकून आलेल्या विशाखाबाई. मॅडमचा एक नियम होता. चांगलं असो, वाईट असो, आत एकटीला सांगायचं नाही. बाहेर सगळ्यांसमोर सांगायचं, एकदाच.

मी आत टेबलावर. पोटावर ते गार जेल. पडदा मॅडमकडं वळवलेला. इतक्या वर्षांची व्रतं, पण त्या वेळी एक स्तोत्र तोंडात येईल तर शपथ! मॅडमनी डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. मग मधोमध आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं.

"उठा. हळू उठा," एवढंच म्हणाल्या, आणि दार उघडून बाहेर गेल्या. मी निऱ्या हातात धरून दारापर्यंत आले.

आत्ती उभ्या राहिल्या. हे उभे राहिले. विशाखाबाईंनी वही मिटली. मॅडम कुणाकडंही न बघता सरळ आमच्या बाकड्याशी गेल्या. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. ॲप्रनच्या खिशातला फोन काढून छायाक्कांच्या हातात दिला. एक पाय काट्यावर ठेवला. मग दुसरा.

"रेखा," त्या म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं वाच!"